कोकणच्या समुद्रातील मासळी, तिचे विज्ञान आणि तिचे नियम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मासळीचे भाव चढले, बंदी लागली किंवा किनाऱ्यावर मेलेले मासे दिसले की तेच ते प्रश्न पुन्हा येऊ लागतात. त्यांपैकी नेहमीचे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल असे लिहिले असून, जेथे दुसऱ्या उत्तराचा आधार लागतो तेथे त्याचा क्रमांक दिला आहे. दंड आणि परवान्याच्या अटी अधूनमधून बदलतात; त्यामुळे प्रत्यक्ष व्यवहारापूर्वी आपल्या जिल्ह्यातील मत्स्यव्यवसाय कार्यालयात चालू आदेशाची खात्री करून घ्यावी.

१. समुद्रात राज्याची हद्द कुठे संपते? त्यापुढे कोणीही मासे पकडू शकतो का?

किनाऱ्यालगतच्या आधाररेषेपासून १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंत, मासेमारीचे नियमन राज्य शासन करते. महाराष्ट्रात त्यासाठी १९८१चा सागरी मासेमारी नियमन अधिनियम लागू असून २०२१मध्ये त्यात मोठ्या दुरुस्त्या झाल्या. त्यापुढे २०० सागरी मैलांपर्यंतचा, सुमारे ३७० किलोमीटरचा पट्टा भारताचे अनन्य आर्थिक क्षेत्र आहे आणि तो केंद्र शासनाच्या अखत्यारीत येतो. त्यामुळे बारा मैलांपुढे मोकळे रान आहे हा समज चुकीचा आहे. मासे मात्र या रेषा पाळत नाहीत आणि व्यवस्थापनातील निम्म्या अडचणी येथूनच सुरू होतात.

२. पावसाळी बंदी माशांच्या विणीसाठी असते की वादळापासून बचावासाठी?

दोन्हींसाठी. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारीस मनाई असते; पूर्व किनाऱ्यावर हाच काळ १५ एप्रिल ते १४ जून असा आहे. करोनाच्या साथीत, २०२०मध्ये, बंदी ४७ दिवसांवर आणली गेली होती, परंतु तो अपवाद होता.

विणीचा मुद्दा थोडा उलगडून सांगावा लागेल, कारण ‘सगळे मासे पावसाळ्यात अंडी घालतात’ हे वाक्य फार सैलपणे वापरले जाते. आपल्याकडील अनेक जाती वर्षातून दीर्घ काळ किंवा एकाहून अधिक वेळा अंडी घालतात आणि त्यांपैकी काहींचाच मुख्य हंगाम या दोन महिन्यांत येतो. तरीही बंदीचा उपयोग होतो. पावसाळ्यात किनाऱ्याजवळ खाद्य वाढते, नुकतीच जन्मलेली पिले त्यावर पोसतात आणि जाळ्यांचा भार नसल्यामुळे ऑगस्टपर्यंत त्यांना वाढीचे दोन महिने मिळतात. माशाच्या आयुष्यात वाढीचा वेग सुरुवातीलाच सर्वाधिक असल्यामुळे हे दोन महिने मोलाचे ठरतात. मात्र बंदी उठल्यावर पहिल्याच आठवड्यात लहान आसाची (बारीक भोकांची) जाळी पाण्यात पडली, तर हा लाभ तेथेच संपतो (प्रश्न ७ पाहावा).

३. बंदी असते, तर जून-जुलैत बाजारात मासे कुठून येतात?

इंजिन नसलेल्या पारंपरिक होड्यांना बंदीतून सूट आहे. खाडीतील मासे, चिंबोऱ्या आणि कालवे त्या काळातही मिळतात. १५ जूननंतर पूर्व किनाऱ्यावरील बोटी समुद्रात जाऊ लागतात आणि तेथील मासळी इकडे येते. त्याशिवाय शीतगृहातील साठा, तळ्यातील मासे आणि संवर्धित कोळंबी असतेच. म्हणून पावसाळ्यात दिसणारा प्रत्येक पापलेट बेकायदा पकडलेला असतो असे म्हणता येणार नाही. मात्र तो ‘आज सकाळीच इथल्या बोटीने आणला’ असे कोणी सांगितल्यास शंका घ्यायला हरकत नाही. कोकणातील घरांनी हा प्रश्न पूर्वीच सोडवला होता: मे महिन्यात सुके बोंबील, सुकट आणि खारे मासे डब्यात भरले की नारळी पौर्णिमेपर्यंत चिंता नसे.

४. समुद्र एवढा अथांग आहे. त्यातले मासे माणसाने पकडून संपतील तरी कसे?

हा प्रश्न सर्वाधिक येतो आणि त्याचे उत्तर समुद्राच्या रचनेत आहे. समुद्र अथांग असला तरी सुपीक समुद्र फार थोडा आहे. माशांचे सगळे अन्न शेवटी वनस्पतिप्लवकांवर, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींवर अवलंबून असते. त्यांना सूर्यप्रकाश लागतो, जो वरच्या थरातच पोहोचतो. आणि नायट्रेट, फॉस्फेट यांसारखी पोषकद्रव्ये लागतात, जी कुजून खाली बसत गेल्यामुळे मुख्यतः खोल पाण्यात साठलेली असतात. प्रकाश वर आणि खत खाली, अशी ही अडचण आहे. खालचे पाणी जेथे वर येते तेथेच समुद्र पिकतो.

आपल्या बाजूला हे दोन प्रकारे घडते. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात केरळ आणि कर्नाटकाच्या किनाऱ्यालगत, आणि काहीशा कमी प्रमाणात गोव्यापर्यंत, खोल पाणी वर सरकते. उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्यात उत्तरेकडून येणाऱ्या कोरड्या, थंड वाऱ्यांमुळे वरचे पाणी गार आणि जड होऊन खाली बसते व खालचे पोषक पाणी वरच्या थरात मिसळते. याशिवाय किनाऱ्यालगतची समुद्रबूड जमीन, म्हणजे भूखंडमंच, उथळ असल्यामुळे तेथे तळाचे पोषण सहज वर येते. मुंबईसमोर हा मंच बराच रुंद आहे आणि दक्षिणेकडे तो अरुंद होत जातो. आपली बहुतेक मासेमारी या मंचावरच चालते. अरबी समुद्रात त्यापलीकडे, साधारण दीडशे-दोनशे मीटरपासून हजार मीटर खोलीपर्यंत, प्राणवायू जवळजवळ नसलेला जाड थर आहे, त्यामुळे खोल समुद्र हा आपला राखीव साठा आहे ही समजूतही फारशी टिकत नाही.

आता मासे कमी होतात म्हणजे काय, ते पाहू. शेवटचा मासा पकडला जाईपर्यंत वाट पाहावी लागत नाही. मोठी, वयस्क मादी लहान मादीच्या कितीतरी पट अंडी घालते. जाळी मोठे मासे आधी उचलतात आणि मग पुढची पिढी वाढवण्याचे काम पहिल्यांदाच अंडी घालणाऱ्या लहान माद्यांवर येते. एक-दोन वर्षे समुद्राची स्थिती प्रतिकूल गेली की असा साठा कोसळतो. कॅनडाच्या न्यूफाउंडलंडजवळ कॉड माशाचे असेच झाले. शतकानुशतके पुरलेला साठा इतका खालावला की १९९२मध्ये तेथील शासनाला मासेमारी थांबवावी लागली, हजारो लोक एका दिवसात बेकार झाले आणि ती बंदी उठायला २०२४ साल उजाडले.

५. पण दरवर्षी जाहीर होणाऱ्या उत्पादनाच्या आकड्यांत तर वाढच दिसते. मग साठा घटला असे कशावरून?

किनाऱ्यावर उतरलेली मासळी आणि समुद्रात असलेली मासळी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बोटी अधिक ताकदीच्या झाल्या, पूर्वी दोन दिवसांत परतणारी बोट दहा-बारा दिवस बाहेर राहू लागली, जाळी लांबली, तर साठा घटत असतानाही एकूण आकडा काही वर्षे टिकून राहतो. म्हणून शास्त्रज्ञ एका तासाच्या किंवा एका फेरीच्या मेहनतीमागे किती मासळी मिळाली, तिची सरासरी लांबी किती आणि तिच्यात पिलांचे प्रमाण किती हे पाहतात. कोची येथील केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था १९४७पासून हे काम करते आणि तिची माणसे बंदरांवर जाऊन नमुने घेतात.

आकडा उलट बाजूनेही फसवतो. २०१९मध्ये याच संस्थेच्या अंदाजानुसार महाराष्ट्रात २.०१ लाख टन मासळी उतरली आणि ती ४५ वर्षांतील सर्वांत कमी होती. त्या वर्षी ऐन हंगामात ‘क्यार’ आणि ‘महा’ ही चक्रीवादळे लागोपाठ आली आणि बोटी बंदरातच राहिल्या. एवढी घट केवळ साठा आटल्याने झाली असे म्हणणे जितके चूक, तितकेच केवळ वादळाने झाली असे म्हणून मोकळे होणेही चूक.

६. पावसाळ्यानंतर किनाऱ्यावर मेलेले मासे येतात, पाणी तांबूस दिसते, रात्री लाटा निळ्या चमकतात. हे प्रदूषण आहे का?

तिन्ही गोष्टी एकाच कारणाने होतात असे नाही, म्हणून त्या वेगळ्या करून सांगतो.

प्राणवायूचा प्रश्न नैसर्गिक आहे आणि तो दरवर्षी कमी-अधिक प्रमाणात येतो. पावसाळ्यात वर सरकणारे खोल पाणी मुळातच प्राणवायूने गरीब असते. त्यावर पावसाचे आणि नद्यांचे गोडे, हलके पाणी झाकणासारखे पसरते, त्यामुळे हवेतील प्राणवायू खाली मिसळत नाही. प्लवक मरून तळाशी कुजतात आणि उरलासुरला प्राणवायूही संपतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ही स्थिती टोकाला जाते आणि काही ठिकाणी तळाच्या पाण्यात सडक्या अंड्यांसारखा वास असलेला हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो. गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने १९९७पासून कांदोळीसमोर ठरावीक ठिकाणी पाण्याचे नमुने घेऊन या चक्राची नोंद ठेवली आहे. असे पाणी किनाऱ्याकडे ढकलले गेले की तळाचे मासे त्याच्यापुढे पळतात. काही दिवस किनाऱ्याजवळ अनपेक्षित मोठी मासळी मिळते आणि जे पळू शकत नाहीत ते मरतात. हे चक्र जुने असले तरी किनाऱ्यावरून वाहून येणारे सांडपाणी आणि खते त्यात भर घालतात, हेही खरे.

निळा प्रकाश आणि तांबूस पाणी यांचे कारण बहुधा नॉक्टिल्युका हा एकपेशीय जीव असतो. लाटेचा धक्का बसला की तो क्षणभर उजळतो आणि दिवसा त्याची दाटी पाण्याला रंग देते. तो स्वतः विषारी मानला जात नाही, पण त्याची दाटी कुजली की प्राणवायू घटतो.

खाडीत अचानक मेलेले मासे तरंगू लागले, तर मात्र वरील स्पष्टीकरण लावून गप्प बसू नये. खाडीत अशा घटनेमागे सांडपाणी किंवा रासायनिक पाणी असण्याची शक्यता बरीच मोठी असते आणि पाण्याचा नमुना त्याच दिवशी घेतला गेला तरच काही सिद्ध होते.

७. पापलेट हल्ली तळहाताएवढेच का मिळतात? त्यांच्यासाठी काही किमान माप आहे का?

आहे. सप्टेंबर २०२३मध्ये महाराष्ट्राने ५४ जातींसाठी किमान कायदेशीर लांबी ठरवून दिली. त्याच महिन्यात पापलेट (कोकणच्या दक्षिण भागात सरंगा) हा राज्यमासा म्हणून जाहीर झाला. पापलेटासाठी ही लांबी १३५ मिलिमीटर आहे, तर बोंबलासाठी १८०. त्याहून लहान मासा पकडणे आणि विकणे नियमाविरुद्ध आहे.

माप कागदावर असले तरी मासा जाळ्यात शिरताना ते कोणी दाखवत नाही, म्हणून खरा नियम जाळ्याच्या आसाचा आहे. तळावरून ओढल्या जाणाऱ्या ट्रॉल जाळ्याच्या खोळ्याचा, म्हणजे मासळी जमते त्या शेवटच्या पिशवीचा, आस शंकरपाळ्याच्या आकाराचा असेल, तर जाळे ओढताना ताण पडून तो मिटतो आणि कागदावर ४० मिलिमीटर असलेल्या भोकातून बोटही जात नाही. आस चौकोनी ठेवला की तो ताणाखालीही उघडा राहतो आणि पिले निसटतात.

येथे एक अप्रिय गोष्टही सांगायला हवी. पिलांच्या नाशाचा सगळा दोष मोठ्या यांत्रिक बोटींवर टाकण्याची पद्धत आहे. परंतु सातपाटी, वसई, वर्सोवा या पट्ट्यातील डोल जाळी (प्रश्न ९ पाहावा) पारंपरिक असूनही त्यांच्या खोळ्याचा आस फार बारीक असतो आणि त्यांत पापलेट व करली यांची पिले मोठ्या संख्येने सापडतात. ज्या बाजूला सहानुभूती आहे तिच्याकडेही हे माप लावले गेले पाहिजे.

८. मग मांदेली, जवळा असे लहान मासे खाणेही चुकीचे का?

नाही. लहान मासा आणि लहानपणीचा मासा यांत फरक आहे. मांदेली बोटाएवढीच वाढते आणि तेवढ्यातच प्रौढ होते. जवळा तर एक-दोन इंचांचा झिंगाच आहे. अशा जाती लवकर वाढतात, लवकर अंडी घालतात आणि योग्य मर्यादेत पकडल्या तर भरूनही येतात. आक्षेप आहे तो मोठ्या होणाऱ्या जातींच्या पिलांना: वीतभर सुरमई, बशीत चार मावणारे पापलेट, पेन्सिलीएवढी करली. कोळीण मावशींना ‘ही जातच लहान की पिल्लू आहे?’ असे विचारले तर त्या बहुधा खरे सांगतात, कारण मोठ्या माशाचा भाव त्यांनाही हवा असतो.

९. रापण, डोल, ट्रॉल आणि पर्ससीन यांत नेमका फरक काय? भांडण कशावरून आहे?

रापण किनाऱ्यावरून ओढतात: होडीने जाळे अर्धवर्तुळात टाकायचे आणि दोन्ही टोके वाळूवर उभे राहून पाच-पन्नास माणसांनी ओढायची. डोल हे प्रवाहात रोवून ठेवलेले नरसाळे असते. ओहोटी-भरतीचे पाणी मासळी आत आणते, म्हणून उधाणाच्या दिवसांत त्याला जोर असतो आणि भांगाच्या, म्हणजे कमी भरती-ओहोटीच्या, दिवसांत काम मंदावते. ट्रॉल तळावरून फरफटत नेतात. पर्ससीन मात्र थव्याभोवती उभी भिंत टाकते आणि बटव्याची नाडी ओढावी तशी खालची दोरी ओढून थवा तळातून बंद करते. बांगडा, तारली असे थव्याने फिरणारे मासे एका फेरीत टनांनी हाती लागतात.

रापणकार थवा किनाऱ्याला येण्याची वाट पाहतो आणि पर्ससीन तो वाटेतच उचलते. भांडण येथे आहे. पर्ससीनच्या परिणामांचा अभ्यास करणाऱ्या सोमवंशी समितीच्या अहवालानंतर राज्य शासनाने ५ फेब्रुवारी २०१६ रोजी आदेश काढून आपल्या हद्दीतील पर्ससीन मासेमारी सप्टेंबर ते डिसेंबर या महिन्यांपुरती मर्यादित केली आणि नव्या परवान्यांवर निर्बंध आणले. बारा मैलांबाहेर आम्ही जाळे टाकले असा दावा झाल्यास तो खोडून काढणे अवघड जाते (प्रश्न १ पाहावा).

१०. एलईडी दिव्यांना एवढा विरोध कशासाठी? दिवा तर सगळ्याच बोटींवर असतो.

कामापुरता दिवा असणे हा गुन्हा नाही. मासे खेचण्यासाठी जनरेटरवर प्रखर दिवे लावून त्याभोवती जाळे टाकणे हा गुन्हा आहे. प्रकाशाकडे प्लवक, त्यामागे लहान मासे आणि त्यामागे मोठे मासे व माकूळ येतात. म्हणजे एरवी विखुरलेली सगळी साखळी, पिलांसह, एका जागी गोळा होते. केंद्र शासनाने नोव्हेंबर २०१७मध्ये अनन्य आर्थिक क्षेत्रातही या पद्धतीला, तसेच दोन बोटींनी मिळून जाळे ओढण्याला, मनाई केली.

११. तारली एखाद्या वर्षी ढिगाने मिळते आणि पुढची काही वर्षे दिसतच नाही. हा अतिमासेमारीचा परिणाम आहे का?

तारलीच्या बाबतीत समुद्राची बाजू जड आहे. ही अल्पायुषी जात प्लवकांवर जगते आणि पावसाळ्यातील पाणी वर येण्याच्या क्रियेवर (प्रश्न ४) तिचे नशीब ठरते. केरळमध्ये २०१२ साली जवळपास चार लाख टन तारली उतरली, तर २०२१मध्ये जेमतेम साडेतीन हजार टन. दरम्यान २०१५च्या सुमारास तीव्र एल निनो (प्रशांत महासागराचे पाणी नेहमीपेक्षा तापणे) होऊन गेला. २०२३मध्ये आकडा पुन्हा लाखाच्या वर गेला. असे चढउतार मासेमारी नसतानाही होतात. परंतु साठा तळाला असताना उरलेली पिलेही फिशमीलच्या (माशांच्या भुकटीच्या) कारखान्यात गेली, तर चढ लांबणीवर पडतो. म्हणून अशा जातींसाठी ठरावीक वार्षिक मर्यादेपेक्षा त्या त्या वर्षीची स्थिती पाहून बदलणारी मर्यादा अधिक शहाणपणाची, असे माझे मत आहे.

१२. उपग्रहाला मासे दिसतात का?

नाही. उपग्रहाला पृष्ठभागाचे तापमान आणि पाण्याचा रंग कळतो. रंगावरून हरितद्रव्य, म्हणजे प्लवकांची दाटी काढता येते. गार आणि उबदार पाणी जेथे एकमेकांना भिडते तेथे प्लवक आणि पाठोपाठ मासे जमण्याची शक्यता असते. हैदराबादची भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र ही संस्था यावरून संभाव्य मत्स्यक्षेत्राची सूचना मराठीसह किनारपट्टीच्या भाषांत देते. आकाश ढगाळ असले की माहिती तुटते आणि बंदीच्या काळात सूचना दिली जात नाही. डिझेल वाचते हा तिचा खात्रीचा फायदा. मात्र सगळ्यांना एकाच वेळी एकच जागा कळली, तर तेथे काय होईल हा प्रश्न उरतो.

१३. जाळ्यात कासव सापडले तर काय करावे? जाळे कापले तर नुकसान कोण भरून देणार?

समुद्री कासवे, डॉल्फिन, व्हेल शार्क आणि करवत मासा यांना वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२चे संरक्षण आहे. ती अनवधानाने सापडली तरी ठेवता किंवा विकता येत नाहीत. डिसेंबर २०१८पासून महाराष्ट्रात अशा प्राण्याला सोडवण्यासाठी जाळे कापावे लागल्यास जास्तीत जास्त २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. त्यासाठी सुटकेची छायाचित्रे किंवा चित्रफीत लागते, म्हणून सुरी हातात घेण्याआधी मोबाइल दुसऱ्याच्या हाती द्यावा.

कासव निपचित पडले असले तरी ते मेले असे धरू नये. त्याला पोटावर ठेवून मागची बाजू थोडी उंच करावी, म्हणजे फुप्फुसातील पाणी बाहेर पडते. अंगावर ओले फडके टाकून सावलीत ठेवावे आणि हालचाल सुरू झाल्यावर इंजिन बंद असताना सोडावे. ट्रॉलमध्ये बसवायची कासव-सुटका जाळी मासळीही निसटेल या भीतीने अनेक जण टाळतात. त्याची किंमत मात्र देशाने मोजली आहे: २०१९पासून अमेरिकेने समुद्रातून पकडलेली भारतीय कोळंबी घेणे थांबवले.

१४. खारफुटी म्हणजे चिखल आणि डास. तिचा मासळीशी काय संबंध?

कोळंबी, चिंबोरी, बोय आणि जिताडा यांची पिले भरतीबरोबर खारफुटीच्या मुळांत शिरतात. तेथे गाळात अन्न मिळते आणि मोठ्या माशाला आत येता येत नाही. राज्यात कांदळवनाचे, म्हणजे खारफुटीचे, क्षेत्र सुमारे ३२० चौरस किलोमीटर आहे. खासगी जमिनीवरील खारफुटीही परवानगीविना तोडता येत नाही, हा नियम अनेकांना ठाऊक नसतो.

१५. मत्स्यशेती वाढवली तर समुद्रावरचा भार कमी होईल ना?

कोणती शेती, यावर ते ठरते. कालवे आणि शिंपले पाणी गाळून स्वतःचे अन्न मिळवतात. त्यांना खाद्य टाकावे लागत नाही. मांसाहारी मासे आणि कोळंबी यांच्या खाद्यात फिशमील असते आणि ते समुद्रातल्याच तारलीसारख्या लहान माशांपासून बनते (प्रश्न ११). त्या बाबतीत भार कमी होत नाही, एका माशावरून दुसऱ्या माशावर जातो.

१६. बंदीच्या काळात खडकावर बसून गळ टाकला तर चालतो का?

बंदी यांत्रिक बोटींवर आहे, किनाऱ्यावरून टाकलेल्या गळावर नाही. मात्र मालवणच्या सागरी अभयारण्याच्या २९.१२ चौरस किलोमीटर क्षेत्राला १९८७पासून वेगळे नियम लागू आहेत आणि संरक्षित जातींचा नियम (प्रश्न १३) गळालाही लागतो. पावसाळ्यात ओल्या खडकावर बसण्याचा धोका मात्र कोणत्याही नियमात लिहिलेला नाही. भरतीची वेळ पाहूनच जावे.